सव्विसावा माणूस

भोसरीच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये सुरू झालेलं युनिट चाकणच्या मोठ्या कंपनीचं व्हेंडर झालं की व्याप वाढतो. म्हाळुंगे-निघोजे भागात दुसरा प्लांट उभा राहतो. क्वालिटी, स्टोअर, डिस्पॅचला नवी माणसं लागतात. नव्या सीएनसीचा आणि वाढीव वीजभाराचा हिशेब आधीच होतो, ऑफिसच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरचा मात्र राहून जातो. मग 25 जणांसाठी घेतलेल्या त्या सर्व्हरवर सव्विसावा माणूस येतो.

छोट्या उद्योगांसाठी स्वस्तातला सर्व्हर ही मायक्रोसॉफ्टची जुनी कल्पना. स्मॉल बिझनेस सर्व्हरच्या 2003, 2008 आणि 2011च्या आवृत्त्यांत फाइल, मेल, डोमेन सगळं एकत्र मिळे. मर्यादा 75 जणांची. 2012 मध्ये कंपनीने ही मालिका गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मागे राहिलं एसेन्शियल्स: 25 वापरकर्ते, 50 उपकरणं.

डोमेन म्हणजे कोणी कुठे लॉगिन करावं, कोणतं फोल्डर उघडावं हे ठरवणारं कंपनीचं एकच हजेरीपुस्तक. स्मॉल बिझनेस सर्व्हरला त्याचे सर्व मुख्य अधिकार स्वतःकडेच लागत. एका डोमेनमध्ये त्याचा जोडीदार चालत नसे, दुसऱ्या डोमेनशी ‘ट्रस्ट’ जोडता येत नसे. भावाच्या फर्मचं डोमेन वेगळं असेल आणि दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची ड्रॉइंग हवी असतील, तर तिथेच गाडी अडे. अट मोडली की आधी इशारे येत, मग सर्व्हर आपणहून बंद होऊ लागे. 2008 आणि 2011च्या आवृत्त्यांत जुन्यावरून नव्यावर जायला 21 दिवस मिळत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणजे हाती गुरुवार तीनच.

चाकणच्या प्लांटसाठी त्याच डोमेनमध्ये साधा विंडोज सर्व्हर जोडायला मात्र मुभा होती. ही गोष्ट ठाऊक नसल्याने दुसरा प्लांट म्हणजे दुसरं डोमेन असं अनेकजण धरून चालत.

एसेन्शियल्समध्ये 25 जणांपर्यंत वेगळं क्लायंट ॲक्सेस लायसन्स, म्हणजे ‘कॅल’, लागत नाही. मर्यादा ओलांडली की स्टँडर्ड आवृत्ती घ्यावी लागते आणि कॅल फक्त वाढलेल्या एकासाठी नव्हे, तर सगळ्या 26 जणांसाठी. स्टँडर्डचं लायसन्स 2016पासून प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. सर्व्हरमागे किमान 16 कोअरचे पैसे द्यावेच लागतात, मशीनमध्ये 8 असले तरी.

शिफ्टच्या कारखान्यात आणखी एक हिशेब निघतो. इन्स्पेक्शन टेबलवरचा एकच पीसी तीन शिफ्टमध्ये तिघे वापरतात. माणसागणिक कॅल घेतलं तर तीन लागतील, उपकरणागणिक घेतलं तर एकात भागतं. उलट, लॅपटॉप, ऑफिसचा पीसी आणि टॅब असं तिन्ही वापरणाऱ्या मॅनेजरसाठी माणसागणिकच परवडतं. काही ठिकाणी तिघांना मिळून ‘क्यूसी’ नावाचं एकच लॉगिन दिलं जातं. त्याने लायसन्स वाचत नाही, कारण मोजणी माणसांची असते, लॉगिनची नाही. शिवाय रिपोर्टमधला आकडा कोणी बदलला, हे ग्राहकाच्या ऑडिटरने विचारलं तर उत्तर देता येत नाही.

क्रॅक केलेल्या प्रतीचा मार्ग त्याहून महाग. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

सरळ वाटाही आहेत. 2022ची एसेन्शियल्स नव्या सर्व्हरबरोबरच मिळते, एकाच प्रोसेसरवर आणि 10 कोअरपर्यंत चालते. 25 जणांचं बंधन तिथेही कायम. डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या सांबा 4ने लिनक्सवर डोमेन चालवायची सोय केली. त्यात कॅल नाही, माणसांची मोजणी नाही. मात्र रात्रपाळीत डोमेन अडलं तर लिनक्स जाणणारा माणूस फोनवर सापडायला हवा, आणि त्याच्या वार्षिक कराराचा आकडा कॅलच्या कोटेशनशेजारी मांडूनच निर्णय घ्यावा लागतो.