चाकांवरचें घर : तें टिकतें कशानें?

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्या भाषेंत म्हण आहे. ज्यास स्थिर ठिकाण नाहीं त्याची थट्टा करण्यासाठीं ती वापरतात. परंतु अमेरिका, जर्मनी, इंग्लंड इत्यादि देशांत लक्षावधि लोकांनीं आपलें बिऱ्हाड हौसेनें चाकांवर चढविलें आहे. निजावयाची जागा, चूल, पाण्याची टांकी, मोरी व शौचकूप हें सर्व एकाच मोटारींत सामावलेलें असतें. अशा वाहनास इंग्रजींत मोटारहोम म्हणतात. आम्ही त्यास मोटारघर म्हणूं. महाराष्ट्र शासनानेंहि अशा प्रवासास उत्तेजन देण्यासाठीं २०२१ सालीं आपलें धोरण जाहीर केलें. आणि परदेशीं स्थायिक झालेल्या मुलांकडे गेलेले आपल्याकडील पालकहि तेथें मोटारघर भाड्यानें घेऊन प्रवास करितात. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं.

वरवर पाहतां मोटारघर म्हणजे सुटीच्या दिवसांतील एक खेळणें वाटेल. पण अमेरिकेंत निवृत्त झाल्यावर राहतें घर विकून बाराहि महिने मोटारघरांत राहणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यासाठीं घेतलेलें कर्ज दहा, पंधरा, कधीं वीस वर्षें फेडावें लागतें. कर्ज फिटण्यापूर्वींच घर कुजलें, तर त्या कुटुंबाची जन्माची पुंजी पाण्यांत गेली असें समजावें. आणि ‘पाण्यांत गेली’ हे शब्द येथें अक्षरशः खरे आहेत. कसे, तें पुढें दिसेल. म्हणून कोणत्या कारखान्याचें मोटारघर टिकाऊ आणि कोणत्याचें नाहीं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचें उत्तर मात्र कारखान्यांचीं नांवें पाठ करून मिळत नाहीं; घर बांधतात कसें, हें समजून घ्यावें लागतें.

प्रथम अडचण काय आहे ती पाहूं. जमिनीवरचें घर स्थिर असतें. त्याच्या भिंती एकमेकींस टेकून वर्षानुवर्षें उभ्या राहतात. मोटारघर रस्त्यावर धावतें. प्रत्येक खड्ड्याला त्याचा एक कोपरा वर उचलला जातो, दुसरा खालीं बसतो, आणि सगळी पेटी पिळवटते. एखाद्या घराला रोज तास दोन तास लहानसा भूकंप व्हावा, तशी त्याची अवस्था असते. शिवाय तें हलकेंहि असावें लागतें. युरोपांत साध्या मोटारीच्या परवान्यावर दीर्घकाळ ३,५०० किलोपर्यंतचेंच वाहन चालवितां येत असे. त्यामुळें तेथील बहुतेक कारखानदार त्या मर्यादेच्या आंत राहण्यासाठीं धडपडत आले आहेत. मजबुती वाढवावी तर वजन वाढतें, वजन कमी करावें तर मजबुती जाते. या कात्रींतून प्रत्येकानें आपापली वाट काढली आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, बहुधा मोटारघर हें दोन कारखान्यांचें अपत्य असतें. इंजिन, चाकें व खालचा सांगाडा एकाचा, आणि त्यावर उभारलेलें घर दुसऱ्याचें. युरोपांत फियाट कंपनीच्या डुकाटो या गाडीवर फार मोठ्या संख्येनें मोटारघरें बांधलीं जातात. अमेरिकेंत फोर्ड व मर्सिडीझ यांचे सांगाडे पुष्कळ वापरतात. हे सांगाडे मालवाहू मोटारींचे असल्यामुळें त्यांची परीक्षा लाखों गाड्यांवर झालेली असते, आणि दुरुस्ती करणारे गांवोगांवीं मिळतात. म्हणून मोटारघराचें दुखणें बहुधा इंजिनांत नसतें. तें वरच्या घरांत असतें. तथापि हमी दोन निरनिराळ्या कारखान्यांची असल्यानें एकानें दुसऱ्याकडे बोट दाखवावें, असे प्रसंग येतात. अमेरिकेंतील अनेक संस्थानांत सदोष मोटारी परत घेण्यास भाग पाडणारे कायदे आहेत. पण त्यांपैकीं पुष्कळ कायद्यांनीं मोटारघराचा राहण्याचा भाग आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे जो भाग अधिक बिघडतो, त्यालाच संरक्षण कमी!

आतां मुख्य शत्रूकडे वळूं. तो शत्रु म्हणजे पाणी. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळतात, घर शाकारतात. कारण छपरांतील एखाद्या बोटभर फटीनें सबंध आढें कुजतें हें आपल्या वाडवडिलांस ठाऊक होतें. मोटारघरांत छप्पर व भिंत जेथें मिळतात, खिडकी जेथें बसविली आहे, छतावरील झरोका जेथें कापला आहे, त्या प्रत्येक सांध्यांत रबरासारखा मऊ मसाला भरलेला असतो. उन्हानें तो वाळतो व तडकतो. त्यांतच पदार्थविज्ञानाचा एक नियम आड येतो : सारखी उष्णता लागली असतां अ‍ॅल्युमिनियम हें पोलादाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. दोन भिन्न पदार्थ जेथें एकत्र जोडले आहेत, तेथें रोज सकाळ-संध्याकाळ थोडी ओढाताण चालतेच. थंड देशांत फटींत शिरलेलें पाणी रात्रीं गोठतें आणि त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. फट अधिक रुंद होते.

स्वस्त मोटारघराची भिंत कशी असते, तें पाहिलें म्हणजे पुढील अनर्थ ध्यानांत येईल. आंत लांकडाच्या पट्ट्यांची चौकट, पट्ट्यांच्या मध्यें फेसासारखा हलका पदार्थ, दोन्ही बाजूंस पातळ प्लायवुड, आणि बाहेरून फायबरग्लासचा गुळगुळीत पत्रा. हें सर्व डिंकानें चिकटविलेलें. पाणी शिरलें कीं प्लायवुड फुगतें, डिंक सुटतो, बाहेरील पत्र्यावर फोड येतात, आणि चौकट कुजून भिंतीचें बळ जातें. हें सर्व आंतल्या आंत चालतें. वरचा रंग दीर्घकाळ चकचकीतच राहतो. कोणाच्या वागण्यांत काळेंबेरें दिसलें म्हणजे आपण म्हणतों, कोठें तरी पाणी मुरतें आहे. ही म्हण मोटारघरास जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशास पडेल.

हा शत्रु ओळखून निरनिराळ्या कारखानदारांनीं काय केलें, याचीं कांहीं उदाहरणें देतों. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत अल्बर्ट लूस नांवाचे फोर्ड मोटारींचे एक विक्रेते होते. १९२५ सालीं त्यांनीं लांकडी पेटी बसवून एक बस विकली. पण खराब रस्त्यांवर ती पेटी लवकरच खिळखिळी झाली. तेव्हां लूस यांनीं १९२७ सालीं पोलादी पेटीची बस स्वतः बांधली. यांतूनच शाळेच्या बसगाड्या बांधणारा ब्लू बर्ड हा प्रसिद्ध कारखाना निघाला, आणि १९६० नंतरच्या दशकांत त्यानें वाँडरलॉज नांवाचीं पोलादी मोटारघरें विकावयास काढलीं. मुलांना सुखरूप शाळेंत पोंचविण्यासाठीं जी मजबुती साधली, तीच पुढें घरास उपयोगी पडली.

आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी या लहानशा गांवीं १९५८ सालीं निघालेल्या विनेबेगो कारखान्यानें १९६६ पासून मोटारघरें बांधण्यास आरंभ केला. फेसाचा हलका गाभा मध्यें ठेवून थर एकजीव केलेल्या भिंती व पट्ट्यानें चालणारें उत्पादन, यांच्या जोरावर त्यानें मोटारघर सामान्य माणसाच्या आटोक्यांत आणलें. मोटारीमागें ओढावयाचीं घरें बांधणाऱ्या एअरस्ट्रीम कारखान्यानें १९३६ सालापासून विमानाप्रमाणें अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनीं जोडण्याची रीत धरिली. त्या घरांचें बाहेरील कवच पन्नास-साठ वर्षें सहज टिकतें. पण गंमत अशी कीं, कवच शाबूत राहून खालची प्लायवुडची जमीन मात्र कुजल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. एक अंग बळकट असलें म्हणजे सर्व घर बळकट असतें असें नाहीं, हा धडा त्यांतून मिळतो.

जनरल मोटर्स कंपनीनें १९७३ ते १९७८ या काळांत सांगाडा व घर दोन्हीं स्वतःच तयार करून सुमारें १३,००० मोटारघरें विकलीं. त्यांची चौकट अ‍ॅल्युमिनियमची व बाह्यांग अ‍ॅल्युमिनियम आणि फायबरग्लास यांचें होतें. तीं बंद होऊन जवळजवळ अर्धें शतक लोटलें, तरी त्यांतील कित्येक आजहि रस्त्यावर आहेत. जर्मनींतील बाड वाल्डझे येथील हायमर कारखान्यानें दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्यें पॉलियुरेथेनचा फेस भरून भिंत करण्याची पद्धत रूढ केली. तींत कुजण्यास लांकूडच नसतें. अलीकडे ब्रिटनमधील कारखान्यांनींहि भिंतींच्या चौकटींतून लांकूड काढून टाकण्याचा मार्ग धरिला आहे.

तर मग नामांकित कारखान्याचें घर डोळे मिटून घ्यावें काय? तसेंहि नाहीं. थॉर नांवाच्या अमेरिकन मंडळीनें १९८० सालीं एअरस्ट्रीम विकत घेतली आणि २०१९ सालीं हायमरचा समूहहि, त्याची उत्तर अमेरिकेंतील शाखा वगळून, घेतला. नांवें तींच राहिलीं, मालक बदलले. आणि एकाच मालकाच्या छत्राखालीं महाग व स्वस्त असे अनेक छाप निघूं लागले. शिवाय घाई हा मोठाच शत्रु आहे. साथीच्या काळांत लोकांस हॉटेलांची भीति वाटूं लागली, तेव्हां २०२१ या एका वर्षांत अमेरिकेंतील कारखान्यांनीं ओढावयाचीं व स्वयंचलित मिळून ६ लाख घरें बाहेर काढलीं. तो उच्चांक होता. इंडियाना संस्थानांतील एल्कहार्ट भागांत या धंद्याचें केंद्र आहे, आणि तेथें नगावर मजुरी देण्याची चाल पुष्कळ आहे. जितके नग अधिक, तितका पैसा अधिक. मग सांध्यांत मसाला नीट भरला कीं नाहीं, हें पाहण्यास थांबावें कोणी? म्हणून जाणते लोक छाप पाहतातच, पण तें घर कोणत्या वर्षीं बांधलें, हेंहि विचारतात.

दारावरील प्रमाणपत्राचा अर्थहि नीट समजून घ्यावा. अमेरिकेंतील प्रमाणपत्र मुख्यत्वें आग, गॅस, वीज व नळ यांच्या सुरक्षिततेविषयीं असतें. युरोपांतील नियमांत उबेची प्रतवारी आहे. तिसऱ्या, म्हणजे सर्वोच्च, प्रतीच्या घरांत बाहेर उणे १५ अंश असतां चार तासांत आंत २० अंश उष्णता यावी लागते. हीं बंधनें मोलाचीं आहेत. पण सुतारानें शेवटचा खिळा मनापासून ठोकला कीं नाहीं, हें कोणतेंहि प्रमाणपत्र सांगत नाहीं. तें आपणच पाहावें लागतें.

पाहण्याची रीत कठीण नाहीं. आंत शिरतांच नाकास ओलीचा कुबट वास येतो काय? कपाटांच्या आंतल्या, वरच्या कोपऱ्यांत डाग आहेत काय? खिडकीखालची भिंत बोटानें दाबली असतां दबते काय? बाहेरून तिरप्या उजेडांत पाहिल्यास पत्र्यावर लाटा अथवा फोड दिसतात काय? शिडी लावून छपराचे सांधे तपासले काय? चाकांच्या रबरावर चार आंकड्यांची एक खूण असते; पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष सांगतात. मोटारघरें पुष्कळदां उभीं असल्यानें रबर झिजण्यापूर्वींच म्हातारें होतें. ब्रिटनमध्यें दरवर्षीं यंत्रानें भिंतींची ओल मोजून तिची लेखी नोंद ठेवण्याची चाल आहे. जुनें घर घेणाऱ्यास ही नोंद रंगरंगोटीपेक्षां शतपट मोलाची.

घेणाऱ्याचेंहि एक कर्तव्य आहे. उत्तम कारखान्याचें घरसुद्धां सांधे न तपासतां दहा वर्षें उघड्यावर ठेवल्यास कुजेल. आणि साधारण घर दरवर्षीं छपरावर चढून सांधे नवे करणाऱ्या गृहस्थाकडे वीस वर्षें नांदेल.

वाळूवर बांधलेल्या घराचा आणि खडकावर बांधलेल्या घराचा दृष्टांत आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मोटारघरास पाया नाहींच. म्हणून त्याचा खडक म्हणजे त्याचे सांधे. ते सांधे गिऱ्हाइकास दिसत नाहींत, परीक्षकास बहुधा दिसत नाहींत. ते एका कामगारास, त्या एका क्षणीं मात्र दिसतात. तुमच्यांपैकीं कोणी पुढें कारखान्यांत जाईल, कोणी शाळेंत, कोणी रुग्णालयांत. तेथेंहि असे न दिसणारे सांधे तुमच्या हातीं येतील. ते नीट भरले गेले कीं नाहीं, हें वर्षानुवर्षांनीं, पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हां, दुसऱ्याच कुणाच्या कुटुंबास कळेल.