प्रथम गृहवियोग आणि त्याची पूर्वतयारी : पारनेर तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

घर सोडून परक्या ठिकाणी मुक्काम करण्याचा प्रसंग प्रत्येक मुलाच्या आयुष्यात केव्हातरी प्रथमच येतो. शहरातील कुटुंबांत तो बहुधा उन्हाळी शिबिराच्या निमित्ताने येतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात मात्र ह्या प्रसंगास एक निराळेच वजन प्राप्त झालेले आहे. तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर ह्या गावी जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८५-८६ साली सुरू झालेल्या ह्या केंद्रीय योजनेतील विद्यालयांत इयत्ता सहावीसाठी प्रवेशपरीक्षेद्वारा साधारणतः जास्तीत जास्त ऐंशी मुले घेतली जातात. त्यांपैकी किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण विभागासाठी असतात, आणि प्रवेशसमयी मुलाचे वय दहा ते बारा वर्षांच्या आसपास असते. म्हणजे ज्या वयात शहरातील मूल आठ दिवसांच्या शिबिरास जाते, त्याच वयात वाडीवस्तीवरील मूल सात वर्षांच्या वसतिगृहजीवनात पाऊल टाकते. शिबिरात मन रमले नाही, तर फार तर आठवडा वाईट जातो. नवोदयातून मूल पहिल्याच महिन्यात परतले, तर त्या कुटुंबाने वर्षभराच्या अभ्यासाने मिळविलेली जागा जाते. आणि अवर्षणग्रस्त टापूतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी अशी जागा पुनः चालून येत नाही.

ह्याच जिल्ह्यातील गावांत मे महिन्याच्या सुटीत निवासी बालसंस्कार शिबिरे भरतात. हरिपाठ, पखवाज, टाळ, पाठांतर असा त्यांचा क्रम असतो आणि मुले तेथे आठपंधरा दिवस, क्वचित महिनाभरही राहतात. निळोबारायांचे पिंपळनेर ज्या तालुक्यात आहे, तेथे ह्या परंपरेचे नावीन्य कोणास वाटणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा शिबिरांकडे, मग ती वारकरी असोत, बालवीरांची असोत वा सेवादलाची, पुढील दीर्घ वियोगाची तालीम म्हणून पाहणे अधिक फलदायी होईल. परंतु तालीम ही आपोआप होत नाही. ती कशाने होते आणि कशाने बिघडते, एवढ्यापुरताच येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घराच्या ओढीने क्षीण होणाऱ्या स्विस लोकांच्या अवस्थेस ‘नोस्टाल्जिया’ हे नाव दिले आणि तिला एक रोग मानले. आपल्या भाषेने ह्या अवस्थेस रोगाचे नाव दिले नाही; तिने दोन क्रियापदे वापरली. घरची ‘आठवण येते’ हे एक, आणि येथे ‘करमत नाही’ हे दुसरे. ह्या दोहोंत फरक आहे. पहिल्याचा विषय दूर असलेले घर हा आहे. दुसऱ्याचा विषय समोर असलेले ठिकाण हा आहे. जॉन आर्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी जी मापनश्रेणी तयार केली, तीतही घराविषयीची ओढ आणि नव्या स्थानाविषयीची नावड असे दोन घटक वेगळे निघाले. मराठी बोलणाऱ्या कोणत्याही आजीला ते ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही. ह्या भेदाचा व्यावहारिक उपयोग असा की, आठवण येणाऱ्या मुलास धीर द्यावा लागतो, तर न करमणाऱ्या मुलास काम आणि सोबती द्यावे लागतात. दोघांस एकच औषध दिल्यास पुष्कळदा काहीच होत नाही.

ही अवस्था किती सार्वत्रिक आहे? अमेरिकेत क्रिस्टोफर थर्बर ह्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हाळी शिबिरातील आठ ते सोळा वर्षांच्या ३२९ मुलग्यांची पाहणी केली. त्यांपैकी ८३ टक्क्यांनी निदान एका दिवशी तरी घराची ओढ लागल्याचे नोंदविले. तीव्र स्वरूपाचा त्रास मात्र थोड्यांनाच झाला. ह्यावरून एक गोष्ट निश्चित होते : घराची आठवण मुळीच येऊ नये, असे उद्दिष्ट पूर्वतयारीने ठेवणे अयोग्य होय. आठवण येईल, ती स्वाभाविक आहे आणि ती आली तरी दिवस जातो, एवढे मुलास आधी ठाऊक असणे हेच उद्दिष्ट. ‘तुला मुळीच आठवण येणार नाही, बघ’ असे मुलास सांगणारा पालक नकळत त्याची फसवणूक करतो. कारण तिसऱ्या रात्री रडू आले म्हणजे मुलास वाटते की, आपल्यातच काही उणे आहे.

त्याच संशोधनपरंपरेने धोका वाढविणाऱ्या ज्या बाबी दाखविल्या, त्यांत तीन विशेष लक्षणीय आहेत : पूर्वी घरापासून दूर राहण्याचा अनुभव नसणे, जाण्याच्या निर्णयात मुलास काहीही वाटा नसणे, आणि तेथे आपणास करमणार नाही अशी मुलाने आधीच बांधलेली खूणगाठ. ह्या तिन्ही बाबी पारनेरच्या घरात कशा दिसतात?

दूर राहण्याच्या अनुभवापुरते बोलावयाचे तर आपल्या समाजात ह्यासाठी एक उत्तम व्यवस्था पूर्वापार आहे, ती म्हणजे आजोळ. सुटीत मामाच्या घरी जाऊन राहणे हा आईवाचून रात्र काढण्याचा पहिला पाठ असे. तेथे माणसे आपलीच, परंतु घर निराळे. भाजीची चव निराळी. रात्री उठून बाहेर जावयाचे तर अंगण अनोळखी. आता मात्र पुष्कळ घरांत आई मुलांबरोबरच माहेरी जाते व त्यांच्याबरोबरच परत येते, म्हणून ह्या व्यवस्थेतील तालमीचा अंश निघून गेला आहे. शिबिरास जावयाच्या मुलास त्याआधी दोनतीन रात्री आजोळी किंवा आत्याकडे आईवडिलांवाचून ठेवावे आणि त्या मुदतीत दूरध्वनी करू नये. परत आल्यावर ‘रडलास का?’ असे न विचारता ‘करमले नाही तेव्हा काय केलेस?’ असे विचारावे. मुलाने स्वतः शोधून काढलेला उपाय, मग तो मामाच्या वासरास पाणी पाजण्याचा का असेना, पुढे त्याच्या उपयोगी पडतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाश्चात्त्य संशोधनातील मूल बहुधा स्वतंत्र खोलीत निजणारे असते. आपल्याकडील मूल आजीच्या कुशीत किंवा भावंडांच्या ओळीत निजते. शिबिराच्या मोठ्या दालनात पन्नास मुले ओळीने निजतात, ह्याची त्याला भीती वाटण्याचे कारण नाही. तो देखावा त्याच्या ओळखीचाच असतो. त्याला उणे भासते ते विशिष्ट माणसाचा स्पर्श, अंथरुणाचा वास आणि निजण्यापूर्वीचे बोलणे. म्हणूनच सामानाच्या यादीत नवी चादर घालण्याच्या हौसेपेक्षा घरची जुनी गोधडी देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आईच्या वा आजीच्या लुगड्यांचे पदर घालून शिवलेली गोधडी ही डोनाल्ड विनिकॉट ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वर्णिलेल्या ‘संक्रमण-वस्तू’ची आपल्याकडील जातभाई होय : आईही नव्हे आणि परकीही नव्हे, अशी मधली वस्तू. दहा वर्षांच्या मुलास तिचे महत्त्व बोलून दाखवू नये. त्याला लाज वाटेल. ती मुकाट्याने पिशवीत घालावी.

निर्णयातील वाटा ही बाब अधिक अवघड. नवोदयाची परीक्षा द्यावी की नाही, हे दहा वर्षांच्या मुलास विचारण्याची आपली रीत नाही आणि पालकांच्या आर्थिक विवंचना पाहता ती तशी का नाही, हेही समजते. परंतु मोठा निर्णय पालकांनी घेतला, तरी त्यातील अनेक लहान निर्णय मुलाच्या हाती देता येतात. कोणती पेटी न्यावयाची, गावातील कोणत्या सोबत्याच्या शेजारी निजावयाचे, पहिले पत्र कोणास लिहावयाचे, हे मुलाने ठरवावे. शक्य असल्यास आधी एकदा ठिकाण पाहून यावे. टाकळी ढोकेश्वरची लेणी पाहण्याच्या निमित्ताने तालुक्यातील मुलास विद्यालयाच्या फाटकापर्यंत नेऊन आणणे फारसे कठीण नाही. पाहिलेले ठिकाण कल्पनेत भेडसावीत नाही.

सोबतीविषयी एक ऐतिहासिक पुरावा आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमधील शहरांतून सुमारे पंधरा लाख लोक, मुख्यतः मुले, बाँबहल्ल्याच्या भीतीने खेड्यांत हलविण्यात आले. केंब्रिज येथे पाठविलेल्या मुलांची पाहणी सूझन आयझॅक्स ह्यांच्या संपादनाखाली १९४१ साली प्रसिद्ध झाली. भावंडे आणि मित्र एकमेकांजवळ ठेवावेत, हा तिचा एक प्रमुख आग्रह होता. शिस्तीच्या नावाखाली एका गावच्या मुलांना हेतुतः वेगवेगळ्या खोल्यांत पाठविणाऱ्या आयोजकांनी हा अनुभव ध्यानी घ्यावयास हवा. पहिला आठवडा तरी ओळखीचे तोंड जवळ असावे. पुढे मुले आपण होऊन पांगतात.

आता तिसऱ्या, म्हणजे आधीच बांधलेल्या खूणगाठीच्या, बाबीकडे वळू. ही खूणगाठ मूल एकटे बांधीत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री आई वारंवार डोळे पुसते, आजी ‘एवढंसं पोर कसं राहील गं’ म्हणते आणि वडील धीर देण्यासाठी म्हणतात, ‘नाही करमलं तर फोन कर, लगेच न्यायला येतो.’ ह्या शेवटच्या वाक्याइतके घातक आश्वासन दुसरे नाही. वडिलांच्या मनात माया असते. मुलाच्या कानी पडते ते असे, की आपणास तेथे राहवणार नाही असे वडिलांनाही वाटते. शिवाय ह्या आश्वासनाने मुलापुढे एकच उपाय उरतो, तो म्हणजे परत येण्याचा. पहिल्या संध्याकाळी मन उदास झाले की, मूल खेळाकडे न जाता दूरध्वनीकडे जाते. वडील आले नाहीत, तर विश्वास जातो. आले, तर तालीम फसते. त्याऐवजी ‘पुढल्या रविवारी मी येईन’ असे निश्चित दिवसाचे वचन द्यावे आणि ते तंतोतंत पाळावे.

निरोपही असाच उघड असावा. मूल खेळात गुंतलेले पाहून हळूच निसटून जाणारे पालक पुष्कळ आढळतात. क्षणभराचे रडणे टळते हे खरे, पण नंतर कित्येक दिवस मूल दाराकडे पाहत राहते. आपल्याकडे घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. ह्या रीतीत परतीची ग्वाही आहे. ती तोंडावर, मुलाच्या डोळ्यांकडे पाहून दिली पाहिजे.

मुलाच्या अंगच्या सवयींविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांत शास्त्र कमी व सराव अधिक. स्वतःचे कपडे धुणे, अंथरूण गुंडाळणे, मुलीस स्वतःची वेणी घालता येणे, ताटात कमी पडल्यास मागून घेणे, रात्री लघवीस जावयाचे तर कोणास उठवावयाचे हे ठाऊक असणे. ह्यांतील शेवटच्या दोन गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु बुजऱ्या मुलाचे दिवस बहुधा ह्यांपायीच कष्टाचे होतात. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलास रोजची पोळी व भात पहिले काही दिवस परका वाटतो, हेही आयोजकांनी गृहीत धरावे. मूल रात्री अंथरूण ओले करीत असेल, तर ते पालकांनी आधीच प्रमुखांच्या कानावर घालावे. लपविल्यास त्याची शिक्षा मुलासच भोगावी लागते.

येथवर पालकांचा विचार झाला. मूल ज्यांच्या हाती सोपवावयाचे, त्यांचाही विचार आवश्यक आहे. जेम्स रॉबर्टसन ह्यांनी १९५२ साली रुग्णालयातील दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. त्यांनी व जॉन बोल्बी ह्यांनी वियोगातील लहान मुलांच्या वर्तनाच्या तीन अवस्था वर्णिल्या : आक्रोश, नैराश्य आणि अलिप्तता. त्यांतील तिसरी अवस्था फसवी. मूल शांत झाले म्हणून रुग्णालयातील माणसे समाधान मानीत. वस्तुतः त्याने आशा सोडलेली असे. दहा वर्षांचे मूल व दोन वर्षांचे मूल ह्यांत महदंतर आहे, हे मान्य करूनही वसतिगृहाच्या अधीक्षकाने एवढे घ्यावे की, रडणारे मूल दिसते. गप्प राहणारे शोधावे लागते.

आपल्याकडे ह्या कामाचे आदर्श आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व जेवत. त्या मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांची अंथरुणे व खोल्या स्वतः नीट लावीत. अशा गोष्टी आपण त्यागाची उदाहरणे म्हणून सांगतो. वियोगाच्या अभ्यासकास त्यांत दुसरेही काही दिसावे : घडी घातलेले अंथरूण मुलास सांगते की, येथे आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे. त्याहून जुनी, वार लावून जेवण्याची पद्धत अपमानास्पदही होती. पण त्या विद्यार्थ्यास परक्या शहरात सात घरांची चूल ठाऊक असे.

वियोगाचा एक उलटा प्रकारही ह्या जिल्ह्यात आहे. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या हंगामात आईवडील कारखान्यांच्या प्रदेशात जातात आणि मुले गावीच हंगामी वसतिगृहात वा आजीआजोबांजवळ राहतात. येथे मूल घर सोडीत नाही, घरच मुलास सोडून जाते. नवे ठिकाण आवडले नाही असे म्हणण्याची सोय त्याला नाही. ठिकाण तेच, शाळा तीच, माणसे मात्र नाहीत. आजोळच्या तालमीचा येथे उपयोग होत नाही. उपयोग होतो तो ठरल्या वारी येणाऱ्या दूरध्वनीचा आणि आई केव्हा परतणार, हे मुलास दिनदर्शिकेवर बोट ठेवून सांगण्याचा.

आणि काही मुलांना ह्या वर्षी पाठवूच नये. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, आईवडिलांत बेबनाव चालू असेल किंवा नवे भावंड महिन्यापूर्वीच आले असेल, तर मुलाचे चित्त मागे राहते. आपल्या माघारी घरी काय होईल, ही त्याची भीती निराधार नसते.

परतीविषयी क्वचितच लिहिले जाते. शिबिरातून आलेले मूल पहिल्या दिवशी तुटक वागते, आईने जवळ घेतले तर अंग चोरते, घरच्या जेवणास नावे ठेवते. आईस ते लागते. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी तेच मूल तिच्या मागे मागे फिरू लागते. ह्या दोन दिवसांत त्याला प्रश्नांनी बेजार करू नये. नवोदयात इयत्ता नववीच्या सुमारे तीस टक्के विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषाप्रदेशातील विद्यालयात पाठविण्याची योजना आहे. म्हणजे सहावीत घर सोडलेल्या मुलास नववीत वसतिगृहही सोडावे लागते. त्या वेळी त्याला ओढ टाकळीची लागते की घराची, आणि पहिल्या वियोगात ज्याची नीट तयारी झाली होती त्याचा दुसरा वियोग हलका जातो काय, हा प्रश्न आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रबंधासाठी घ्यावा, असा आहे.