पिकअपचा संगणक आणि मालकाचा हक्क

ह्यूस्टन : शहरातून इंटरस्टेट 10 धरून पश्चिमेला निघाले की सुमारे पन्नास मैलांवर सीली नावाचे छोटे गाव लागते. पूर्वी ते गाद्यांसाठी ओळखले जाई. आता तेथे हेनेसी परफॉर्मन्स या कंपनीच्या आवारात नव्याकोऱ्या पिकअप गाड्यांची बॉनेट उघडून इंजिनांची ताकद वाढवली जाते. रॅम 1500 टीआरएक्स ही 2021 ची पिकअप कारखान्यातूनच 702 अश्वशक्ती घेऊन निघाली होती. हेनेसीने तिचा सुपरचार्जर बदलला, इंधनपुरवठा वाढवला, संगणकातला प्रोग्राम नव्याने बसवला आणि 1,012 अश्वशक्तीची ‘मॅमथ 1000’ विकायला काढली. शेजारी ड्रॅग रेसचा ट्रॅक आहे. गावात हे ताकद वाढवण्याचे काम, म्हणजे ट्यूनिंग, शिकवणारी शाळासुद्धा आहे.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी पिकअप ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यांना हा खटाटोप कळणे अवघड. अमेरिकेत पिकअप हे घरचे वाहन आहे. फोर्डची एफ-सिरीज 1977 पासून देशातली सर्वाधिक खपाची पिकअप आहे. शेतावर खत तिच्यातून जाते आणि मुलांना शाळेत सोडायलाही तीच निघते. परदेशी पिकअपवर 1964 पासून 25 टक्के आयात शुल्क बसले. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या कराचे ते उत्तर होते. कोंबड्यांचा वाद केव्हाच विसरला गेला, शुल्क मात्र टिकले आणि देशी कंपन्यांना ही बाजारपेठ जवळजवळ आंदण मिळाली.

याच बाजारात वाळवंटातून भरधाव पळवता येईल अशी फोर्ड रॅप्टर आली. तिच्या 2017 च्या मॉडेलमध्ये कंपनीने व्ही-8 काढून साडेतीन लिटरचे, दोन टर्बोंचे व्ही-6 इंजिन बसवले. ताकद 450 अश्वशक्ती. जुन्या चाहत्यांना व्ही-8 चा आवाज गेल्याचे वाईट वाटले, पण ट्यूनिंग करणाऱ्यांना घबाड सापडले. टर्बो सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो आणि किती दाबायची हे संगणक ठरवतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, म्हणजे जास्त ताकद. हेनेसीने दाबलेली हवा गार करणारा मोठा इंटरकूलर आणि नवा प्रोग्राम यांच्या जोरावर हेच इंजिन 600 अश्वशक्तीच्या पुढे नेले.

मग फोर्डनेच एवढी ताकद का दिली नाही? दाबलेली हवा तापते. फार तापली की पेट्रोल ठिणगीच्या वेळेप्रमाणे न जळता मध्येच भडकते, इंजिन नॉक करू लागते आणि वेळीच आवरले नाही तर पिस्टन फुटतो. कंपनीला एकच प्रोग्राम सगळ्यांसाठी लिहायचा असतो. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात मागे ट्रेलर ओढत, स्वस्तातले 87 ऑक्टेनचे पेट्रोल भरून घाट चढणाऱ्या बेफिकीर मालकाचीही गाडी टिकली पाहिजे. (येथील ऑक्टेन मोजण्याची रीत वेगळी आहे, पंपावरचे 87 म्हणजे साधारण भारतातले 91.) म्हणून कंपनी हात राखून ताकद देते. ट्यूनर एका मालकासाठी, एका ठरावीक इंधनासाठी ती राखीव जागा वापरतो.

हे काम बरेचदा टपालाने चालते. गाडीच्या संगणकाशी जोडलेल्या, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला मोबाइलएवढे उपकरण जोडायचे, मूळ प्रोग्राम जपून ठेवायचा आणि नवा चढवायचा. त्यानंतर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून एक धाव घ्यायची. बूस्ट म्हणजे हवेचा दाब, ठिणगीची वेळ, हवा-पेट्रोलचे प्रमाण, नॉक सेन्सरचे संकेत, सगळे नोंदले जाते. मालक ती फाइल दोन-चार राज्ये पलीकडच्या ट्यूनरला ईमेल करतो आणि दुरुस्त प्रोग्राम परत येतो. अशा काही फेऱ्या होतात. जाणता ट्यूनर त्यात कधी कधी दिलेली ताकद काढूनही घेतो. हे खरे कसब आहे आणि त्याला मान मिळायला हवा.

भारतात ई-20 पेट्रोलने वाहनमालक धास्तावले आहेत. येथे मात्र अनेक ट्यूनर मक्यापासून केलेल्या इथेनॉलचा ई-85 पंप शोधत असतात. इथेनॉल सहज नॉक होत नाही, शिवाय बाष्प होताना हवा गार करते. अडचण अशी की ई-85 मध्ये इथेनॉल 51 ते 83 टक्के यांत कितीही असू शकते, म्हणून हिशेब प्रत्येक टाकीला तपासावा लागतो.

या छंदाची मुळे कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर जुन्या फोर्ड पळवणाऱ्या तरुणांपर्यंत जातात. सुट्या भागांच्या उत्पादकांची ‘सेमा’ ही संघटना 1963 मध्ये उभी राहिली. 1975 च्या वॉरंटी कायद्याने मालकाची बाजू आणखी भक्कम केली. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे दाखवावे लागते. फोर्डने तर रेंजर पिकअपसाठी स्वतःच नवा प्रोग्राम विकायला काढला. त्याने 45 अश्वशक्ती वाढते, वॉरंटी मिळते आणि प्रदूषणाची मर्यादाही पाळली जाते.

डिझेलची कथा वेगळी आहे आणि तिथे मालकाच्या हक्काची ढाल पुढे करता येत नाही. धूर गाळणारा फिल्टर कापून टाकायचा, धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी निकामी करायची आणि संगणकाला गप्प बसवायचे, असा धंदा वर्षानुवर्षे चालला. पर्यावरण संस्था ईपीएने 2020 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषणरोधक यंत्रणा काढली गेली. त्यातून हवेत जाणारे जादा नायट्रोजन ऑक्साइड, गाड्यांच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब धरून, 5 लाख 70 हजार टन. तो धूर मालकाच्या अंगणात थांबत नाही.

दोष फक्त गॅरेजवाल्यांचा नाही. रॅमच्या मोठ्या पिकअपना डिझेल इंजिने पुरवणारी कमिन्स, म्हणजे कोथरूडच्या कारखान्यामुळे पुणेकरांच्या घरोघरी माहीत असलेले नाव. 2013 ते 2019 च्या लाखो इंजिनांत चाचणी चुकवणारे सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपावरून या कंपनीने 167.5 कोटी डॉलरचा दंड मान्य केला. स्वच्छ हवा कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड. कंपनीने चूक मात्र कबूल केली नाही.

कॅलिफोर्नियाने या सगळ्यावर काढलेला तोडगा सर्वांत सुजाण वाटतो. तेथे ट्यूनिंगला बंदी नाही. निर्मात्याने तो भाग किंवा प्रोग्राम राज्याच्या हवा मंडळाकडून तपासून घ्यायचा आणि मंजुरीचा क्रमांक मिळवायचा. जुलै 2021 पासून धुराच्या चाचणीत संगणकाचा प्रोग्रामही पडताळला जातो. 2017 ची रॅप्टर आज तेथे विकायची तर ही चाचणी विक्रेत्यालाच करून द्यावी लागते. परवानगी नसलेला प्रोग्राम आढळला की गाडी नापास. आदल्या रात्री मूळ प्रोग्राम परत चढवला तरी भागत नाही, कारण त्यासरशी गाडीच्या स्वयंतपासणीच्या नोंदी पुसल्या जातात. त्या पुन्हा भरेपर्यंत गाडी रोजच्यासारखी चालवावी लागते. तोवर चाचणी केंद्र तिला उत्तीर्ण करत नाही.