आरडेस्कटॉप

आरडेस्कटॉप हा दूरच्या विंडोज संगणकाचा डेस्कटॉप आपल्या संगणकावर पाहण्यासाठी व वापरण्यासाठी तयार केलेला मुक्तस्रोत क्लायंट आहे. तो सी भाषेत लिहिलेला असून लिनक्स व अन्य युनिक्सवर्गीय प्रणालींवरील एक्स विंडो प्रणालीत चालतो. त्याचे लेखन मॅथ्यू चॅपमन यांनी सुरू केले; मूळ संहितेतील स्वामित्वहक्काच्या नोंदी १९९९ पासूनच्या आहेत. तो ग्नू जनरल पब्लिक लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीखाली उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉलचे (आरडीपी) तपशील सर्वांसाठी खुले करण्यापूर्वीच त्या प्रोटोकॉलद्वारे संवाद साधणारा मुक्त क्लायंट म्हणून त्याचे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

१९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे एकाच सर्व्हरवर अनेक जणांना आपापला स्वतंत्र विंडोज डेस्कटॉप वापरता येऊ लागला. प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो आणि वापरकर्त्यापर्यंत केवळ त्याचे चित्र येते, हे या रचनेचे मूळ तत्त्व होय. मात्र मायक्रोसॉफ्टचा क्लायंट विंडोजसाठीच होता. ज्या कार्यालयांत लिनक्स किंवा युनिक्स वापरले जाई, पण एखादा आवश्यक प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चाले, तेथील कर्मचाऱ्यांपुढे दुसरा संगणक ठेवण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. ही उणीव आरडेस्कटॉपने भरून काढली.

इतिहास

आरडीपीचा पाया आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या टी.१२० मालिकेतील प्रकाशित मानकांवर आहे. परंतु मायक्रोसॉफ्टने त्यात घातलेली भर आरंभी अप्रकाशित होती. त्यामुळे विकासकांना दोन संगणकांमध्ये वाहणारी माहिती तपासून तिचा अर्थ लावावा लागला. तयार वस्तूवरून तिची रचना शोधण्याच्या या पद्धतीस उलट अभियांत्रिकी म्हणतात. पुढे स्वीडनमधील सेंडिओ या कंपनीच्या अभियंत्यांनी प्रकल्पाच्या विकासात व देखभालीत मोठा वाटा उचलला.

२००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या अनेक प्रोटोकॉलचे तपशील सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर २००९ मध्ये आरडेस्कटॉपच्या संहितेतून फ्रीआरडीपी हा स्वतंत्र प्रकल्प फुटून निघाला.

कार्यपद्धती

जोडणी सामान्यतः टीसीपीच्या ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. क्लायंटकडून कळफलक व माउसच्या हालचाली सर्व्हरकडे जातात. सर्व्हरकडून पडद्यावर काय रेखाटायचे याच्या सूचना व चित्रांचे तुकडे येतात. पडद्याचा जो भाग बदलतो तेवढाच पाठवला जातो. वारंवार लागणारी चित्रे क्लायंट स्वतःजवळ साठवून ठेवतो, म्हणून मंद जोडणीवरही काम करता येते.

आरडेस्कटॉपला स्वतःचा चित्रमय मेनू नाही. टर्मिनलमध्ये आज्ञेपुढे दूरच्या संगणकाचे नाव किंवा आयपी पत्ता लिहून तो सुरू करतात. खिडकीचा आकार, रंगांची खोली आणि वापरकर्त्याचे नाव हे पर्याय त्याच ओळीत देता येतात. कंट्रोल, ऑल्ट व एंटर या कळा एकत्र दाबल्यास पूर्ण पडदा व खिडकी यांमध्ये अदलाबदल होते. स्थानिक फोल्डर, प्रिंटर, ध्वनी व क्लिपबोर्ड दूरच्या डेस्कटॉपशी जोडण्याची सोयही आहे.

देवनागरी मजकूर

अक्षरे सर्व्हरवर रेखाटली जाऊन चित्ररूपाने येतात. म्हणून वापरकर्त्याच्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नसला, तरी दूरच्या डेस्कटॉपवरील मराठी मजकूर व्यवस्थित दिसतो. टंकलेखनाचे मात्र उलट आहे. क्लायंट सामान्यतः अक्षर पाठवत नाही, तर दाबलेल्या कळीचा क्रमांक पाठवतो; त्या कळीचे कोणते अक्षर होणार हे दूरचा संगणक ठरवतो. त्यामुळे मराठी लिहायचे असल्यास इनस्क्रिप्टसारखी कळफलक मांडणी दूरच्या विंडोजवर निवडावी लागते.

सुरक्षितता

दूरचा डेस्कटॉप वापरताना धोका केवळ सर्व्हरला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. क्लायंट सर्व्हरकडून आलेली माहिती वाचून तिचे चित्र करतो. ती माहिती हेतुपुरस्सर सदोष बनवलेली असेल आणि क्लायंटने तिची नीट तपासणी केली नाही, तर वापरकर्त्याच्याच संगणकाचा ताबा जाऊ शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आरडेस्कटॉपच्या १.८.३ आवृत्तीत असे १९ दोष आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यांची दुरुस्ती त्यापूर्वीच, जानेवारी २०१९ मध्ये, १.८.४ आवृत्तीत झाली होती. अनोळखी सर्व्हरशी जोडणी न करणे आणि जुनी आवृत्ती न वापरणे, हे यातून निघणारे दोन व्यावहारिक नियम होत.

दुसरी मर्यादा ओळख पटवण्याच्या पद्धतीची आहे. विंडोजच्या नव्या आवृत्त्या डेस्कटॉप दाखवण्यापूर्वीच वापरकर्त्याची ओळख तपासतात. आरडेस्कटॉपमध्ये ही तपासणी केवळ कर्बेरॉस पद्धतीने होऊ शकते. ती व्यवस्था नसलेल्या विंडोज संगणकाशी जोडणी बहुधा नाकारली जाते.

सद्यस्थिती व वारसा

ऑक्टोबर २०१९ मध्ये १.९.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर प्रकल्पाने नवा देखभालकर्ता हवा असल्याचे जाहीर केले. देखभाल थांबलेल्या आज्ञावलीत पुढे सापडणारे दोष दुरुस्त होण्याची खात्री नसते. म्हणून नव्या वापरासाठी फ्रीआरडीपी किंवा त्यावर आधारलेला रेमिना हा चित्रमय क्लायंट अधिक योग्य ठरतो.

तरीही आरडेस्कटॉपचे कार्य वाया गेले असे म्हणता येत नाही. प्रोटोकॉलविषयी कष्टाने मिळवलेले ज्ञान उघड्या संहितेत नोंदले गेल्यामुळे ते इतरांना अभ्यासता व पुढे नेता आले. मूळ प्रकल्पास देखभालकर्ता उरला नाही, तेव्हा त्यातून निघालेली दुसरी शाखा दहा वर्षांपासून वाढत होती. मुक्त परवान्याचा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.