पोर्टल मराठीत आहे, पण काकूंना कळत नाही

घरात ‘मोबाईलमधलं सगळं कळणारं’ माणूस कोण? तुम्हीच ना? मग शेजारपाजारच्या कुणाचा तरी ऑनलाइन फॉर्म भरायची वेळ तुमच्यावरही आलीच असणार. माझ्यावर जूनमध्ये आली. पनवेलमध्ये आमच्या मागच्या चाळीत राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या काकू. मुलगी एफवायला गेली, ‘महाडीबीटी’च्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा. मी ऐटीत म्हटलं, ‘काकू, रांगेत कशाला उभ्या राहता? घरबसल्या होतं.’

पहिली रात्र ओटीपीतच गेली. घरात मोबाईल एक, तो काकांबरोबर कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये! दुसऱ्या रात्री मी रेशनकार्डाचा स्कॅन दाबून दाबून ४० केबीवर आणला. ‘आपले सरकार’वर कागदपत्र ५०० केबीपेक्षा मोठं चालत नाही, तसं ७५ केबीपेक्षा लहानही चालत नाही. सूचना न वाचण्याची सवय, दुसरं काय! काकू शेजारी बसून विचारतायत, ‘अगं, केबी म्हणजे काय?’ त्या सातवी शिकल्यात, पेपर वाचतात. पण ‘स्वयंघोषणापत्र’ असं कुणाच्या घरात बोलतात, सांगा बरं?

खरी गोची पुढे. उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, सातबारा असे पर्याय. चार घरची धुणीभांडी करून रोख पगार घेणाऱ्या बाईकडे यातलं काय असणार? उरतो तो तलाठ्याचा किंवा मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल. म्हणजे घरबसल्या फॉर्म भरायला काकूंनी कामावर खाडा केलाच. त्या दिवसाचे पैसे कापले गेले, ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र तुमच्याआमच्या उपयोगाची, आणि ती फारच कमी जणांना ठाऊक असते. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यानुसार उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत अपील करता येतं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून अर्ज क्रमांक असलेली पावती जपून ठेवा. तिचा फोटोही काढा.

काकूंना दाखला मिळाला. दुसऱ्याच संध्याकाळी चाळीतल्या आणखी दोघी हातात रेशनकार्ड घेऊन दारात हजर. मी आधी विचारलं, ‘मोबाईल कुणाकडे असतो?’