चोर सोडून डिस्कला फाशी

तिसऱ्या डिस्कने पहिल्यांदा मान टाकली तेव्हा मला तिचं वाईट वाटलं. वॉरंटीत बदलून आलेल्या कोऱ्या डिस्कने नवव्या दिवशी तेच केलं, तेव्हा मी दुकानदाराला फोनवर नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, सगळ्या तुमच्याकडेच का जातात?’’ टोमणाच होता तो. पण तपास याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा होता, हे मला फार उशिरा कळलं.

प्रकरण घरातल्या सर्व्हरचं. शब्द भारदस्त आहे, वस्तू तशी नाही. दहा वर्षांचा जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि पोटात ४ टीबीच्या तीन हार्ड डिस्क. वडिलांच्या निगेटिव्हचे स्कॅन, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं शूटिंग, मुलीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, हे सगळं चार पेनड्राइव्ह आणि तीन जुन्या मोबाइलमध्ये विखुरलेलं होतं. ते एका जागी आणायचं होतं. तिन्ही डिस्क रेड-५ पद्धतीने बांधल्या. म्हणजे एक डिस्क मेली तरी उरलेल्या दोघींवरून तिच्यातला मजकूर गणिताने परत मिळतो. १२ टीबीतले ८ वापरायला मिळतात, ४ या विम्याच्या हप्त्यात जातात. सगळं ठीक असलं की लिनक्स तीन डिस्कसाठी ‘यू यू यू’ असं दाखवतं. माझ्याकडे दोन यू, आणि तिसऱ्याच्या जागी नुसती रेघ.

अशा वेळी आपण डिस्कलाच धरतो, कारण संगणकाने नाव तिचंच घेतलेलं असतं. ‘अमुक डिस्क फेल’ या निरोपाचा अर्थ खरं तर एवढाच असतो, की मी हाक मारली आणि वेळेत ओ आली नाही. ओ न देणारा मेलाच असेल असं नाही. दार बंद असेल, घरात लाईट नसेल, किंवा हाकच वाटेत हरवली असेल. वर्षानुवर्षं चाललेल्या यंत्रात डिस्कवर संशय घेणं रास्त आहे. पण गेल्याच आठवड्यात आपल्या हाताने जोडलेल्या यंत्रात संशयितांची रांग लांब असते. केबल, वीजपुरवठा, मदरबोर्डवरचं पोर्ट, डिस्कची जात. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती इथे. माझा पहिला संन्यासी कुरियरने परत गेला, बहुधा ठणठणीत असताना.

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक नोंदवही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. लिनक्सवर स्मार्टसीटीएल आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो ही वही उघडून दाखवतात. रकाने पुष्कळ असतात, पण नव्या सर्व्हरच्या वैद्याने आधी ५, १९७, १९८ आणि १९९ हे चार क्रमांक बघावेत. पहिले तीन खुद्द डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात. ५ म्हणजे खराब झाल्यामुळे सोडून देऊन राखीव जागेत हलवलेले तुकडे. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचे राहिलेले. १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच तपासताना हात टेकले ते. १९९ मात्र वेगळंच सांगतो. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाता-येता मजकुराची बेरीज किती वेळा जुळली नाही, त्याचा हा हिशेब. गोदामात माल नीट आहे, वाटेत पोतं फाटतंय.

माझ्या दोन्ही ‘मेलेल्या’ डिस्कचे पहिले तीन आकडे शून्य होते. दुसरीचा १९९ चा आकडा नऊ दिवसांत चारशेच्या वर गेला होता. परत पाठवलेल्या पहिलीचा मी बघितलाच नव्हता.

मग केबल बदलली का? नाही, आधी अदलाबदल केली. तिसऱ्या डिस्कची लाल केबल पहिलीला लावली, पहिलीची तिसरीला, आणि बाकी कशालाही हात लावला नाही. लिनक्सचं रेड डिस्कवरची खूण वाचून तिला ओळखतं, ती कुठल्या पोर्टला लावली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दोन दिवसांनी पहिलीचा १९९ वाढायला लागला, तिसरीचा होता तिथेच थांबला. हा आकडा कधी मागे जात नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा कालच्यापेक्षा वाढला का, ते पाहायचं. दोष केबलबरोबर चालत गेला होता. ही केबल मी जुन्या डीव्हीडी ड्राइव्हची काढून वापरली होती, दोनशे रुपये वाचवायला. सॅटा केबलमधून सेकंदाला ६ गिगाबिट धावतात, आणि आतल्या जोडणीची टोकं मानकाप्रमाणे जेमतेम पन्नास वेळा काढण्या-घालण्यापुरती बनवलेली असतात. त्यात ती कॅबिनेटच्या दारामागे काटकोनात दुमडलेली होती.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे कुठलाही जुना वायरमन सांगेल. आपण घाईत केबल, पोर्ट आणि डिस्क एकदमच बदलतो. यंत्र चालू होतं, आणि खरा दोषी साळसूदपणे ड्रॉवरमध्ये जाऊन बसतो, पुढच्या वेळची वाट पाहत.

केबल गेली, दहा दिवस शांततेत गेले. मग एका रविवारी एक नव्हे, दोन डिस्क एकदम बाहेर पडल्या. रेड-५ मध्ये दोन गेल्या की खेळ खलास. माझे हात गार पडले. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं तर तिघी हजर. दोघी किंचित मागे पडलेल्या होत्या, त्यांना समजावून पुन्हा गोटात घ्यावं लागलं. १९९ शांत. ५ आणि १९७ शून्य. पण या वेळी मी आणखी एक रकाना पाहिला, १२ नंबरचा. डिस्कला वीज मिळून ती किती वेळा चालू झाली, त्याचा हा आकडा. त्या रविवारपर्यंत संगणक दहा दिवस एकदाही बंद झालेला नव्हता, आणि त्या दोन डिस्क मात्र मधल्या काळात सात वेळा नव्याने चालू झाल्या होत्या.

नोंदींमधल्या वेळा मी कागदावर लिहून काढल्या. रविवार सकाळी साडेदहा. बुधवार सकाळी अकरा. पुन्हा रविवार. कागद घेऊन बसले होते, तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, ‘‘अगं, मी घरघंटी लावली की तुझा तो डबा कुंई करतो. मला वाटलं, तसाच असतो.’’

‘‘आई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘तू विचारलंस का?’’

सर्व्हर बाल्कनीत, घरघंटीच्या शेजारी, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होता. घरघंटीची मोटर सुरू होताना क्षणभर भरपूर करंट ओढते. बोर्डाचं सॉकेट ढिलं होतं. तेवढ्या क्षणापुरता दाब पडायचा आणि दहा वर्षं राबलेल्या पॉवर सप्लायला तो झटका झेपायचा नाही. मदरबोर्ड कसाबसा तगायचा, डिस्क मात्र झोपून पुन्हा उठायच्या. तो कुंई आवाज म्हणजे तबकड्या पुन्हा फिरायला लागल्याचा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेवर साधारण २ अँपिअर घेते, नंतर फिरत असताना त्याच्या कितीतरी कमी. चार डिस्क एकदम उठल्या तर तेवढ्या क्षणी शंभर वॉटच्या आसपास मागणी. पॉवर सप्लायवर छापलेला एकूण वॉटचा मोठा आकडा यात फारसा उपयोगाचा नाही, १२ व्होल्टचा रकाना वाचायचा. आणि एका तारेला स्प्लिटर लावून त्यावर चार डिस्क लटकवायच्या नाहीत. विशेषतः एकसंध ओतीव प्लास्टिकचे स्वस्त सॅटा जोड घेऊ नयेत. त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून ते जळल्याची उदाहरणं आहेत.

इथे रेडच्या मूळ कल्पनेकडे बघायला हवं. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती मांडली. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा ताफा घ्या, एखादी मरणार हे गृहीतच धरा. पण हे गणित डिस्क आपापल्या मरणाने मरतात असं मानून चालतं. घरात त्या एकाच पॉवर सप्लायवर, एकाच ढिल्या सॉकेटवर, एकाच घरघंटीच्या हादऱ्यावर जगतात. पिठाची धूळ वेगळीच.

हादऱ्यांचं म्हणाल तर ब्रेंडन ग्रेग या सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्याने २००८ च्या अखेरीस डिस्कच्या रॅकवर तोंड लावून जोरात ओरडून दाखवलं, आणि त्याच क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचं पडद्यावरच्या आलेखात दिसलं. आमच्या गल्लीत श्रावणापासून ढोल-ताशाचा सराव चालतो. सर्व्हर आता आतल्या खोलीत आहे, वेगळ्या सॉकेटवर, अर्थिंग तपासून घेतलेल्या, यूपीएसच्या मागे. लाईट गेली की यूपीएस यूएसबीच्या तारेने संगणकाला कळवतो आणि तो सभ्यपणे बंद होतो. पुण्यात गुरुवारची लाईट निदान सांगून जाते.

तिसरा प्रसंग थोडक्यात. भाच्याने अमेरिकेहून येताना दोन मोठ्या एक्स्टर्नल डिस्क आणल्या. तिकडे त्या सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त पडतात, म्हणून लोक डबा फोडून आतली डिस्क काढतात. आम्हीही काढली, लावली, ढिम्म. फिरायलाच तयार नाही. यूएसबीच्या डब्यात मात्र उत्तम चालत होती. सॅटाच्या नव्या मानकात वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं, अशी सोय आहे. मोठ्या डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करायला ती कामाची. जुने पॉवर सप्लाय त्या पिनला कायम ३.३ व्होल्ट देतात, त्यामुळे डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते. तपकीर गल्लीतून पिवळट कॅप्टॉन टेप आणली, तिसऱ्या पिनवर बारीक पट्टी चिकटवली, आणि ‘मेलेली’ डिस्क गुणगुणायला लागली.

डिस्कची जात हा आणखी एक घोळ. काही डिस्कवर मजकुराचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. कोकणातलं कौलारू छप्पर आठवा. खालचं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली आधी उचलावी लागतात. तसंच या डिस्कला एक पट्टा बदलायला शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. फोटो साठवून ठेवायला हे चालतं. पण रेडमध्ये नवी डिस्क घातली की ती कित्येक तास सलग लिहीत राहते. कौलारू डिस्कला तिथे धाप लागते, ती उत्तर द्यायला उशीर करते, आणि रेड तिला मेलेली समजून हाकलतं. २०२० मध्ये घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क गुपचूप या जातीच्या निघाल्या आणि मोठा गहजब झाला. तेव्हा घेण्याआधी मॉडेल क्रमांक शोधून डिस्क सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणारी, आहे ना, ते पाहावं. साध्या डेस्कटॉप डिस्कची खोड वेगळी. खराब तुकडा दिसला की ती तो वाचायला मिनिट मिनिट झटत बसते. सर्व्हरसाठीची साधारण सात सेकंदांत हार मानून तसं कळवते, आणि रेड दुसरीकडून मजकूर आणतं. इथे चिकाटी हा दुर्गुण ठरतो.

आता एवढी वकिली केल्यावर हेही सांगते, की कधी कधी डिस्क खरंच दोषी असते. ५ किंवा १९७ वाढत असेल तर केबल बदलत बसू नये. गूगलच्या तिघा अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता एकोणचाळीस पट झालेली त्यांना दिसली. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्टमध्ये, तापमान सोडलं तर, एकही वाईट खूण नव्हती. वही स्वच्छ असणं म्हणजे तब्येतीचा दाखला नव्हे.

टक टक टक असा ठरावीक लयीत आवाज यायला लागला तर यंत्र लगेच बंद. डिस्कचं डोकं तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. ते जागा सापडेना म्हणून आपटत असेल, तर प्रत्येक फेरीत उरलंसुरलं खरवडलं जाऊ शकतं. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय आपल्या दमट हवेत तर करूच नये, आत दव धरतं. आवाज नसेल, डिस्क नुसती अडखळत असेल, तर डीडीरेस्क्यू हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं आणि अवघड जागा शेवटी पुन्हा पुन्हा चाचपतं. दुरुस्तीचे प्रयोग मग त्या प्रतीवर. मूळ डिस्कवर दुरुस्ती चालवणं म्हणजे पेशंट टेबलावर असताना ऑपरेशन शिकणं.

खरी दोषी काढतानाही हात चुकतो. लिनक्सने दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक वेळी यंत्र चालू करताना बदलू शकतात. एक मेलेली असताना चुकून चांगली उपटली, की रेड-५ तिथेच कोसळतं. डिस्कवर छापलेला सीरियल क्रमांकच खरा. त्याचे शेवटचे चार आकडे मी चिकटपट्टीवर लिहून प्रत्येकीच्या बाहेरच्या कडेला लावलेत. आता डिस्क घरात आली की रेडमध्ये जाण्याआधी तिची परीक्षा होते. बॅडब्लॉक्स हे साधन चार वेगवेगळे नमुने आख्ख्या डिस्कवर लिहून वाचतं, ४ टीबीला अडीच दिवस लागतात. वापरातली डिस्क यावर धरायची नाही, सगळं पुसलं जातं. गुरुवारची लाईट जाऊन आली की मी सुरू करते. चालू तासांचा आकडाही बघते, पण त्यावर डोळे मिटून विश्वास नाही. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास राबवलेल्या डिस्क आकडा शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं.

या सगळ्याच्या बाहेर वडिलांच्या फोटोंची एक प्रत बहिणीकडे नाशिकला आहे, साध्या एक्स्टर्नल डिस्कवर. रेडमधून चुकून पुसलेला फोटो तिन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसला जातो. तिथे गणित काही करू शकत नाही.

ती लाल केबल मी कात्रीने मधोमध कापली. आमच्या घरात ड्रॉवरमध्ये गेलेली वस्तू कधी ना कधी परत कामाला लागते. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ताडून पाहतं. सकाळपर्यंत, कधी दुपारपर्यंत चालतं. त्या दिवशी घरघंटी संध्याकाळी लागते. सासूबाई आदल्या रात्रीच विचारून ठेवतात, ‘‘उद्या तुझ्या डब्याचा उपास आहे ना गं?’’