लघुरेल्वेच्या काठापलीकडचे आवाज

मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध, चालती प्रतिकृती. आणि रूळ, स्थानके, डोंगर व वस्त्या यांसह तिचा जो देखावा टेबलावर उभारला जातो, त्याला या छंदात ‘लेआउट’ म्हणतात. जगभर रूढ असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या ८७व्या हिश्शाएवढी असते आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर भरते. असा देखावा कितीही बारकाईने घडवला, तरी दृश्य टेबलाच्या काठाशी संपते. हा काठ ओलांडण्याचे सामर्थ्य पार्श्वध्वनीत आहे, कारण टेकडीमागची लाकूड कापण्याची गिरणी किंवा दूरच्या यार्डात चाललेली डब्यांची जोडतोड डोळ्यांना दाखवता आली नाही, तरी कानांना ऐकवता येते.

इंजिनाचा स्वतःचा आवाज हा यापासून वेगळा विषय आहे. रुळांतूनच वीज आणि आज्ञा पुरवणारी ‘डीसीसी’ ही अंकीय नियंत्रणपद्धती १९९०च्या दशकात प्रमाणित झाली आणि पुढे या आज्ञांनुसार आवाज काढणारे, इंजिनात मावणारे ध्वनी-डीकोडर प्रचारात आले. दोन सिलिंडरांच्या वाफेच्या इंजिनातून चाकाच्या एका फेरीत निघणारे चार फुसकारेही ते चाकांशी जुळवून ऐकवतात. मात्र इंजिनात बसवलेल्या इतक्या लहान स्पीकरला पुरेशी हवा हलवता येत नसल्याने इंजिनाची खोल घरघर हरवते. सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा खर्ज कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही, म्हणून ती उणीव टेबलाखाली ठेवलेला मोठा स्पीकर भरून काढू शकतो. स्पीकर बंद पेटीत बसवणे आवश्यक असते, कारण पडद्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी परस्परविरुद्ध असतात आणि त्या एकत्र आल्या, तर खर्ज नाहीसा होतो.

आवाज किती मोठा असावा, याचे उत्तर प्रमाणातच दडलेले आहे. एचओ देखाव्यापासून १ मीटरवर उभा असलेला प्रेक्षक त्या जगाच्या हिशेबाने ८७ मीटर दूर असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने घटते, म्हणजे १ मीटरवरून मुद्रित केलेला घणाचा ठोका ८७ मीटरवर सुमारे ३९ डेसिबलने क्षीण व्हायला हवा. शिवाय हवा उच्च कंप्रतेचे ध्वनी अधिक शोषून घेत असल्याने दुरून येणारा आवाज बोथट होतो. म्हणून मुद्रणातील तीव्र स्वर कमी केल्याखेरीज तो दूरचा वाटत नाही.

एकच ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा वाजू लागले, की कान ते लवकर ओळखतो. यावर सोपा उपाय असा, की वाऱ्याची ७ मिनिटांची आणि पक्ष्यांची ११ मिनिटांची अशी स्वतंत्र मुद्रणे एकाच वेळी सुरू ठेवावीत, म्हणजे त्यांचा तोच मेळ ७७ मिनिटांनीच परत येतो. कुत्र्याचे भुंकणे किंवा घंटा यांसारखे ठळक आवाज या प्रवाहात न मिसळता अर्डुइनोसारख्या छोट्या नियंत्रकाकडून अनियमित अंतराने वाजवावेत आणि फाटकाची घंटा रुळालगतच्या अवरक्त संवेदकाला गाडी जाणवल्यावरच सुरू व्हावी.

आवाजांना काळ आणि स्थळ यांचे बंधन असते. अमेरिकी देखाव्यात फाटकाजवळ दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब अशीच शिट्टी शोभते. हॅम्बुर्ग येथे २००१ साली सुरू झालेल्या ‘मिनिआटूर वुंडरलांड’मध्ये दिव्यांच्या साहाय्याने दिवस-रात्रीचे चक्र फिरते, अशा मांडणीत पहाटेचे पक्षी आणि रात्रीचे रातकिडे प्रकाशाबरोबर बदलले पाहिजेत. पुण्यातील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे मराठी प्रेक्षकांना हा छंद परिचित आहे. त्यातून कोणी बोरघाट उभारू पाहील, तर पावसाळी धबधब्यांचा सततचा नाद आणि चढावर गाडीला मागून रेटा देणाऱ्या बँकर इंजिनांचा आवाज या दोन ध्वनींनीच त्या घाटाची ओळख पटेल.

आवाजांची संख्या वाढली, की ते एकमेकांना झाकतात आणि त्यांतील अंतराचा भास नष्ट होतो. म्हणून जागेअभावी जे बांधता आले नाही त्याची यादी छंदिष्टाने आधी करावी आणि पार्श्वध्वनीसाठी पहिले दोन-तीन आवाज त्या यादीतूनच निवडावेत.